कागदावर नसलेली कात्री

ठाण्याचे मोठे नाट्यगृह राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचे आहे आणि कल्याणचे आचार्य अत्र्यांच्या. गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाने विनोदी लेख लिहिले. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये आपल्या काळच्या प्रतिष्ठित कवींची विडंबने केली आणि पुढे ‘मराठा’तून सत्तेवरच्या माणसांना घाम फोडला. ज्या शहरांनी आपल्या रंगमंदिरांना अशी नावे दिली, त्याच शहरांत रोज रात्री घरोघरी लागणारा दूरचित्रवाणीवरचा विनोद मात्र सत्तेच्या जवळ गेला की मवाळ होतो. याचे कारण शोधताना एक विसंगती आधी लक्षात घ्यावी लागते. गडकरी रंगायतनात किंवा अत्रे रंगमंदिरात नवे नाटक लावायचे तर त्याची संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. चित्रपटाला केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते. वाहिनीवरच्या विनोदी कार्यक्रमाला यातले काहीच लागत नाही. त्याची संहिता प्रक्षेपणापूर्वी कोणत्याही सरकारी टेबलावर जात नाही. कायद्याच्या हिशेबाने दूरचित्रवाणीवरचा विनोद नाटकातल्या विनोदाहून मोकळा असायला हवा. प्रत्यक्षात जास्त बोलते ते नाटकच. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या राजकारणावर ऐनवेळी कोट्या करत आणि त्या ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत. वाहिनीवरच्या स्किटमध्ये आज असा टोला कुणी मारला, तर तो एडिटिंग टेबल ओलांडून आपल्या घरापर्यंत येईलच असे सांगता येत नाही.

ही काटछाट सरकारी सेन्सॉरपेक्षा जास्त घातक आहे, असे माझे मत आहे. तिची मुळे भीतीत आहेत आणि ती भीती कशी रुजली हे पाहता येते. जानेवारी २०१६ मध्ये विनोदी नट किकू शारदा यांना हरयाणा पोलिसांनी अटक केली. डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम याची त्यांनी झी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात नक्कल केली होती आणि त्याने धार्मिक भावना दुखावल्या, अशी तक्रार होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, त्या बाबाला न्यायालयाने बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले. नक्कल करणारा तोवर पोलीस कोठडी पाहून आला होता आणि देशभरच्या वाहिन्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला होता. त्याच २०१७ मध्ये स्टार प्लसने ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ नव्याने सुरू केले. राजस्थानच्या श्याम रंगीला या तरुणाने त्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची नक्कल केली. चित्रीकरण झाले, पण ती नक्कल प्रक्षेपित झाली नाही. वाहिनीला मोदींची नक्कल नको आहे असे आपल्याला सांगण्यात आले, असे त्याने नंतर जाहीरपणे सांगितले. चित्रफीत बाहेर फुटली आणि लाखो लोकांनी ती मोबाइलवर पाहिली, म्हणून निदान काय गाळले गेले ते तरी कळले. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकन विनोदी निवेदक जॉन ऑलिव्हर यांचा मोदींवरचा भाग हॉटस्टारने आपल्या प्रेक्षकांना दाखवलाच नाही. या दोन्ही घटनांत सरकारने बंदी घातल्याचा आदेश कुठे पुढे आला नाही. आधी रीतसर दाखवलेल्या कार्यक्रमावर अटक झाली होती. पुढे अटकेची वेळच येऊ नये म्हणून कार्यक्रम आतल्या आत थांबवले जाऊ लागले.

मराठीत हे थोड्या वेगळ्या वळणाने घडले. झी मराठीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये मार्च २०२० मध्ये राजर्षी शाहू महाराज आणि सयाजीराव गायकवाड यांच्या छायाचित्रात कलाकारांचे चेहरे बसवले गेले. संभाजीराजे छत्रपती यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि कार्यक्रमाच्या वतीने माफी मागण्यात आली. हा प्रकार मला योग्य वाटतो. शाहू महाराजांवर त्या चित्रातून काही भाष्य होत नव्हते, ती निव्वळ बेफिकिरी होती. आक्षेप उघड होता, उत्तरही उघड होते आणि प्रेक्षकाला दोन्ही बाजू समजल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये मात्र त्याच कार्यक्रमात तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे यांच्याशी साम्य असलेले पात्र दाखवल्यावर त्यांचे समर्थक नाराज झाले आणि कार्यक्रमाचे निवेदक डॉ. निलेश साबळे व सहकाऱ्यांना राणे यांची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली. पद भूषवणारा, निर्णय घेणारा, रोज भाषणे करणारा नेता हा विनोदाचा हक्काचा विषय आहे. हयात नसलेल्या, समाजाला वंदनीय असलेल्या राजाचे छायाचित्र आणि सत्तेत बसलेल्या मंत्र्याची लकब यांना एकच माप लावले गेले, तेव्हा मराठी विनोदाचे मोठे नुकसान झाले. आपल्या वाहिन्यांवर नेत्यांच्या नकला होतच नाहीत असे नाही. आवाज, चाल, हातवारे, ‘बरं का’ म्हणण्याची पद्धत, हे सगळे येते आणि कधीकधी तो नेता पाहुणा म्हणून समोर बसून हसतही असतो. येत नाही ते त्याने घेतलेले निर्णय, बदललेले पक्ष, रखडलेले पूल, पाण्याचे टँकर. कल्याण-डोंबिवलीच्या प्रेक्षकाला ज्याचे हसू येईल आणि रडूही येईल, नेमके तेवढेच वगळून नक्कल केली जाते.

वाहिन्यांच्या बाजूने सांगितले जाते की नियमच तसे आहेत. तेव्हा नियम पाहू. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स अधिनियम १९९५ चा आणि त्याखालची कार्यक्रम संहिता १९९४ च्या नियमावलीतल्या सहाव्या नियमात आहे. ही संहिता खरोखरच सैल भाषेत लिहिली आहे. सुरुचीला बाधा आणणारे काही नको, मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मांवर हल्ला नको, हे त्यात आहेच. शिवाय एखाद्या व्यक्तीवर किंवा समाजातल्या विशिष्ट गटांवर ‘टीका’ करणारे काही नको, असेही त्यात आहे. हे कलम अक्षरशः लावले तर बातमीपत्रही वाचता येणार नाही. पण त्याच यादीत आणखी काही गोष्टी आहेत. स्त्रियांची अवहेलना करणारे चित्रण नको. अंधश्रद्धेला उत्तेजन नको. भाषिक, प्रादेशिक किंवा वांशिक गटांना तुच्छ लेखणारे चित्रण नको. आता रोजच्या कार्यक्रमांवर नजर टाका. जाड बाईवरचा विनोद, काळ्या रंगावरचा विनोद, तोतरे बोलणाऱ्यावरचा विनोद, पुरुषाला साडी नेसवून तेवढ्यावरच हशा मिळवणे, घरकाम करणाऱ्या बाईची आणि भाजीवाल्या भैयाची बोली वेडीवाकडी करून दाखवणे, हे सगळे बिनदिक्कत चालते. मालिकांमध्ये नजर लागणे, करणी होणे आणि अंगात येणे चालूच असते. तिथे संहितेची आठवण होत नाही. नियम एकच, यादी एकच. तरी कात्री पडते ती वर पाहणाऱ्या विनोदावर, आणि खाली पाहणारा विनोद बिनकात्रीचा पुढे जातो. म्हणून ही काटछाट सभ्यतेपोटी होते हे म्हणणे मला पटत नाही. तक्रार करून त्रास देण्याची ताकद कुणाकडे आहे, एवढाच विचार तिच्यामागे दिसतो. ज्याच्याकडे ती ताकद नाही त्या घरकामवालीची खिल्ली उडवायला कुणाची परवानगी लागत नाही.

वाहिन्यांमध्ये या कामाला वेगळा विभाग असतो, त्याला ‘एस अँड पी’ म्हणतात, म्हणजे स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस. त्याचा हेतू वाईट नाही. लहान मुलांसमोर काय दाखवावे, रक्त किती दिसावे, शिवी कुठे म्यूट करावी, हे कुणीतरी पाहायला हवे. अडचण अशी की या विभागाचे निर्णय बाहेर कुणालाच दिसत नाहीत. लेखकाला ‘हे जरा काढू या’ असे सांगितले जाते आणि बहुतेक वेळा तेही तोंडी. जुन्या सरकारी सेन्सॉरशी याची तुलना करून पाहा. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला परिनिरीक्षण मंडळाने अडवले. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले, लढले आणि जिंकले. त्यांना लढता आले, कारण समोर एक मंडळ होते, त्याचा लेखी निर्णय होता, कोणती वाक्ये का नकोत ते कागदावर होते. त्या मंडळाचे मी समर्थन करत नाही. नाटकाला पूर्वपरवानगी लागणे चूकच आहे आणि अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले ते योग्यच केले. पण त्या चुकीविरुद्ध जाता येते. वाहिनीने गाळलेल्या तीन मिनिटांविरुद्ध कुणी कुठे जायचे? लेखक पुढच्या भागाच्या कामावर अवलंबून असतो, नट त्याहून जास्त, आणि प्रेक्षकाला तर काही गेले आहे याचाच पत्ता नसतो.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात होती; त्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. त्याआधीच्या काळात कुणाला एखादा कार्यक्रम खटकला तर गल्लीतल्या केबलवाल्यावर दबाव आणणे सोपे होते, कारण वाहिनी बंद करणे त्याच्या कंट्रोल रूममध्ये शक्य होते. सांकेतिक स्वरूपातला डिजिटल सिग्नल आल्यावर तो रस्ता बराचसा अरुंद झाला. स्थानिक पातळीवर अधिकृतपणे कार्यक्रम थांबवायचा तर केबल कायद्याच्या १९ व्या कलमाखाली जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांनी तसा आदेश काढावा लागतो. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर येतात, म्हणजे हा अधिकार आपल्यापासून दूर नाही. तरीही तो आदेश असतो, त्याला कारण द्यावे लागते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. दबाव आणणाऱ्यांना आता गल्लीतही जावे लागत नाही आणि आयुक्तालयातही नाही. मुंबईतल्या वाहिनीच्या कार्यालयात एक फोन पुरतो आणि पुष्कळदा तोही करावा लागत नाही.

फोन का करावा लागत नाही, हे मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिले. स्टँड-अप विनोदकार कुणाल कामरा यांनी एका सादरीकरणात, नाव न घेता, ठाण्याचे नेते आणि उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत म्हटले. हा कार्यक्रम कुठल्या वाहिनीवर नव्हता, यूट्यूबवर होता. २३ मार्चच्या रात्री शिवसैनिकांनी खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड केली. काहींना अटक झाली आणि लगेच जामीनही मिळाला. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन त्याच जागेवर पोचले. कामरांवर गुन्हा दाखल झाला. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले, पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही अटकेपासून संरक्षण दिले. ठाणे जिल्ह्यालाही असे प्रकार नवे नव्हते. नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि त्याला पसंती देणाऱ्या दोन मुलींना पोलिसांनी अटक केली होती. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरच्या फेसबुक पोस्टवरून दूरचित्रवाणी अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी पकडले आणि त्या महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिल्या. ती पोस्ट मला अजिबात आवडलेली नाही, पण नावडत्या मजकुरासाठी माणूस तुरुंगात टाकायचा नसतो. या तीन प्रसंगांत राज्यात सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. अशा जिल्ह्याच्या शेजारी बसून जो कार्यक्रम तयार होतो, त्याच्या निर्मात्याला कुणी काही न सांगताही बरेच कळते.

यावर पहिला आक्षेप असा की वाहिनी खासगी आहे, आपल्या कार्यक्रमात काय ठेवावे हे ती ठरवेल, याला सेन्सॉर कसे म्हणायचे? संपादन हा वाहिनीचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. कंटाळवाणे स्किट गाळले तर कुणी तक्रार करू नये. पण तोच विनोद, तेवढाच चांगला, एखाद्या सत्ताहीन माणसावर असता तर ठेवला असता का, हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘हो’ असेल, तर ते संपादन उरत नाही. आणि वाहिन्या पूर्णपणे खासगी आहेत असेही नाही. प्रक्षेपणाच्या लहरी (एअरवेव्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले होते. सरकारी परवान्याच्या भीतीनेही गप्प राहण्याचे कारण नाही. ‘मीडिया वन’ या मल्याळम वाहिनीच्या प्रकरणात, एप्रिल २०२३ मध्ये, सरकारवर टीका करणे हे परवानगी नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

दुसरा आक्षेप कुटुंबाचा. आजी, सून, नातवंडे एकत्र बसून पाहतात, तेव्हा मर्यादा हवी. ही काळजी खरी आहे. २०१३ मध्ये कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर अश्लील मजकुरासाठी दहा दिवस प्रक्षेपणबंदीचा आदेश निघाला होता. तो कठोर होता, पण निदान त्या वादाचा विषय काय हे सर्वांना माहीत होते. रात्री उशिराची वेळ, आधी दिलेली सूचना, यांवर मतभेद असण्याचे कारण नाही. श्याम रंगीलाच्या नकलेत मात्र आजीसमोर पाहता येणार नाही असे काय होते? कुटुंबाचे नाव पुढे करून राजकीय विनोद गाळणे ही त्या कुटुंबाचीच फसवणूक आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: दाखवले तर कार्यालये फुटतात, माणसांना मार बसतो. नोव्हेंबर २००९ मध्ये आयबीएन लोकमतच्या कार्यालयावर झालेला हल्ला वाहिन्या विसरलेल्या नाहीत. जीव धोक्यात घालून विनोद दाखवा असे मी कुणाला सांगणार नाही. पण संरक्षणाची जबाबदारी सरकारची आहे. हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपणे म्हणजे कायद्याचे राज्य सोडून देणे आहे आणि प्रेक्षकांचा रोष आवरता येत नाही अशी सबब सरकारला देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच रंगराजन खटल्यात सांगितले. मर्यादेची भाषा करणाऱ्या शिवसेनेच्या नेत्यांना त्यांचाच इतिहास सांगावासा वाटतो. १३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब ठाकरे यांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले, आणि त्याचे प्रकाशन तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी केले. उद्या हेच साप्ताहिक आपली व्यंगचित्रे काढणार, हे चव्हाणांना ठाऊक नसेल असे मानता येत नाही. ठाण्यात ज्या पक्षाची दशकानुदशके सत्ता आहे, तो एका व्यंगचित्रकाराच्या कुंचल्यातून उभा राहिला.

राहिला कायदा. हॅबिटॅटच्या तोडफोडीनंतर पाचच दिवसांनी, २८ मार्च २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाने कवी-खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुजरातमधला गुन्हा रद्द केला. न्या. उज्ज्वल भुयान यांच्यासह त्या पीठावर होते न्या. अभय ओक, ज्यांनी १९८३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिलीला सुरुवात केली. काव्य, नाटक, चित्रपट, उपहास आणि स्टँड-अप कॉमेडीसह रंगमंचीय सादरीकरण माणसाचे जगणे अर्थपूर्ण करते, असे त्या निकालात नमूद आहे. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, धीट, समंजस माणसाच्या कसोटीवर. प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या नव्हे. ही कसोटी स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिवियन बोस यांनी घालून दिलेली आहे, म्हणजे ती आपल्याच मातीतली आहे. वाहिन्यांच्या विधी विभागांनी हा निकाल वाचला नसेल असे नाही. न्यायालयाने दिलेली जागा त्या वापरत नाहीत, कारण न वापरण्याची त्यांना काहीच किंमत मोजावी लागत नाही.

ती किंमत त्यांना मोजावी लागेल असे काही करायला हवे आणि ते अवघड नाही. विनोदी कार्यक्रमाचा भाग बाहेरून आलेल्या आक्षेपामुळे किंवा संभाव्य आक्षेपाच्या धास्तीने गाळला असेल, तर पडद्यावर तशी एक ओळ यावी. आक्षेप कुणी घेतला हे संकेतस्थळावर नोंदले जावे. लेखकाला आणि नटाला कारण लेखी मिळावे. जून २०२१ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती होऊन प्रेक्षकांसाठी तीन पायऱ्यांची तक्रार व्यवस्था आली: आधी वाहिनी, मग वाहिन्यांची स्वनियमन संस्था, शेवटी केंद्र सरकारची समिती. पण ती तक्रार कार्यक्रम संहितेच्या भंगाची असते, म्हणजे जे दाखवले त्याविरुद्धची. जे गाळले त्याविरुद्ध प्रेक्षकाला कुठेच दाद नाही. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून काम करणाऱ्या ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिलने हा दरवाजा आपण होऊन उघडावा. त्याला कायद्याची दुरुस्ती लागत नाही.

तोवर एक गोष्ट वाचकांच्या हातात आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली हा मराठी वाहिन्यांचा हक्काचा प्रेक्षक आहे. तो बोलला तर त्यांना ऐकावे लागते. एखादा भाग अर्धवट वाटला, घोषणा होऊनही एखादे स्किट लागले नाही, एखाद्या वाक्यावर आवाज गेला, तर वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा आणि विचारा: काय काढले, कुणाच्या सांगण्यावरून काढले? तक्रारीवर पंधरा दिवसांत निर्णय कळवणे वाहिनीवर बंधनकारक आहे. तुमचे पत्र या नियमात बसत नाही असे उत्तर आले, तर तेही जपून ठेवा आणि त्याची प्रत स्वनियमन संस्थेला पाठवा. आक्षेप घेणाऱ्यांची पत्रे वाहिन्यांकडे रोज जातात. विनोद दाखवा म्हणणाऱ्यांचीही जाऊ द्या.